डोक्याला मार लागलेलं पोरगं: मोबाईल कधी बंद करायचा आणि चालायला कधी लावायचं

पोराला खेळताना डोक्याला मार लागतो, डॉक्टर बघतात, सीटी काढला तर नॉर्मल येतो, डॉक्टर म्हणतात आराम करू द्या, मग आपण त्याला घरी आणून बेडवर झोपवतो, पडदे ओढतो, शाळा बंद, ग्राउंड बंद, खाली फिरायला जाणंसुद्धा बंद, आणि दुपारपर्यंत ते कंटाळलं की बिचारं म्हणून हातात मोबाईल देतो. मी नाशिकमध्ये ग्राउंडवर मुलं शिकवतो आणि जवळजवळ प्रत्येक घरात आराम म्हणजे हेच असतं. प्रेमापोटीच करतात सगळे, पण यातल्या दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. पहिले दोन दिवस मोबाईल बंद पाहिजे आणि त्या दोन दिवसांनंतर शरीर हळूहळू हलायला पाहिजे. आपल्याकडे दोन दिवस मोबाईल चालू असतो आणि पंधरा दिवस शरीर बंद असतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय, तेरा ते अठरा वयाची खेळणारी मुलंमुली ज्यांच्या घरात आहेत त्यांनी नीट वाचा.

आधी एवढं समजून घ्या की कन्कशन म्हणजे काय. डोक्याला किंवा नुसता मानेला, अंगाला जोरात हिसका बसला की मेंदू आतल्या आत हादरतो. हाड मोडत नाही, रक्तस्राव नसतो, म्हणून सीटीमध्ये काही दिसत नाही. बिघडतं ते मेंदूच्या पेशींचं काम. पेशींना सावरायला जास्त ताकद लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी पडतो, म्हणून डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, उजेड आणि आवाज सहन होत नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, पोरगं चिडचिड करतं नाहीतर एकदम गप्प होतं. बेशुद्ध पडलं तरच कन्कशन हा मोठा गैरसमज आहे, बहुतेक मुलं बेशुद्ध पडतच नाहीत. हेल्मेट होतं म्हणजे काही होणार नाही हाही गैरसमजच, हेल्मेट कवटी वाचवतं, आतला हिसका पूर्ण थांबवू शकत नाही. कबड्डीत चढाईला गेलेल्याला तिघाचौघांनी धरून खाली आणलं आणि डोकं मॅटवर आपटलं, पकड करताना रेडरचा गुडघा कानशिलावर बसला, खो-खोत पळत येऊन खांबावर डोकं गेलं, फुटबॉलमध्ये हेडरला दोघांची डोकी एकमेकांवर आदळली, सीझन बॉल हेल्मेटवर लागला, यातलं काहीही असू शकतं.

त्या दिवशी

खेळ तिथेच थांबवायचा. शंका असली तरी थांबवायचा. पोरगं म्हणणारच की सर मी ठीक आहे, मॅच संपू द्या, पण त्या दिवशी परत मैदानात पाठवायचं नाही म्हणजे नाही, मग फायनल असो की जिल्हास्तर. लक्षणं कधीकधी उशिरा येतात. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथला आर्चरचा बॉल मानेवर बसला, तपासणी होऊन तो परत बॅटिंगला आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्रास व्हायला लागला म्हणून तो मॅचमधून बाहेर गेला आणि लाबुशेन त्याच्या जागी खेळला. टेस्टमधला तो पहिला कन्कशन सबस्टिट्यूट. आपला जडेजा २०२० च्या डिसेंबरमध्ये कॅनबेराला शेवटच्या ओव्हरमध्ये हेल्मेटवर बॉल लागूनही खेळला होता, इनिंग संपल्यावर डॉक्टरांनी तपासून त्याला थांबवलं आणि चहल उतरला. जगातल्या सगळ्यात तयार खेळाडूंच्या शेजारी डॉक्टर उभा असताना असं होतं, तर आपल्या पोराच्या मी ठीक आहेवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

पहिले चोवीस तास एकटं सोडायचं नाही. आणि पुढचं काही दिसलं तर घरी विचार करत बसायचं नाही, १०८ ला फोन करा नाहीतर सरळ जवळच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या: डोकेदुखी वाढतच चालली आहे, परत परत उलट्या होतायत, झटके आले, एकाचे दोन दिसतायत, हातापायात मुंग्या किंवा ताकद कमी वाटतेय, मान खूप दुखतेय, बोलणं अडखळतंय, नेहमीसारखं वागत नाही, किंवा उठवून उठत नाही. मान दुखत असेल तर मैदानात त्याला उचलून बसवायची घाई करू नका, आहे तसंच पडू द्या आणि मदत येऊ द्या.

यातलं काही नसलं तरी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचंच. डॉक्टरांनी बघून घरी सोडलं असेल तर रात्री झोपू द्यायचं, जागं ठेवायची गरज नसते, मधे उठवून बघायचं का ते त्यांनाच विचारा. गोळी द्यायची तर पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांना विचारून, घरातली अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनवाली गोळी मनाने द्यायची नाही कारण आत रक्तस्राव असेल तर तो वाढू शकतो. आणि कृपा करून मान आखडली म्हणून मालिशवाल्याकडे किंवा सलूनमध्ये मान कडकन मोडून घ्यायला नेऊ नका, हे मी ग्राउंडवर प्रत्येक पालकाला सांगतो.

पहिले दोन दिवस: मोबाईल कपाटात

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये कन्कशन होऊन इमर्जन्सीत आलेल्या १२ ते २५ वयाच्या १२५ जणांचे दोन गट केले, एका गटाला सांगितलं की ४८ तास स्क्रीन बघायची नाही, दुसऱ्याला सांगितलं बघितली तरी चालेल. हा अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. ज्यांनी स्क्रीन टाळली त्यांची लक्षणं साधारण साडेतीन दिवसांत गेली आणि ज्यांना मोकळीक होती त्यांना साधारण आठ दिवस लागले. आणि पहिल्या गटानेही काही शंभर टक्के पाळलं नव्हतं बरं का, त्यांचाही त्या दोन दिवसांत मिळून दोन तासांच्या वर स्क्रीन टाइम झाला होता, दुसऱ्या गटाचा मात्र दहा तासांच्या वर होता. म्हणजे अगदी शून्य नाही झालं तरी फायदा आहे, पोराने चोरून दहा मिनिटं मोबाईल बघितला म्हणून घरात महाभारत करू नका.

स्क्रीन म्हणजे फक्त मोबाईल नाही, टीव्ही, लॅपटॉप, टॅब, गेम सगळंच आलं. रील्स सरकवताना डोळे सतत पळत असतात, उजेड आणि आवाज क्षणाक्षणाला बदलतो, फ्री फायर किंवा बीजीएमआय खेळताना तर डोकं पूर्ण ताणलेलं असतं, आणि या सगळ्यात रात्रीची झोप जाते. त्या दोन दिवसांत झोपेइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

मग दोन दिवस करायचं काय, हा खरा प्रश्न आहे, कारण पंधरा वर्षाच्या पोराकडून मोबाईल काढून घेणं सोपं नाही हे मला माहीत आहे. तर आधी त्याला कारण सांगा, आकडे सांगा, साडेतीन दिवस आणि आठ दिवस. खेळाडू पोरगं आहे, लवकर ग्राउंडवर जायचंय हे त्याला कळतं, ओरडण्यापेक्षा हे जास्त चालतं. मित्रांना एक मेसेज तुमच्या फोनवरून टाका की दोन दिवस मोबाईल बंद आहे, संध्याकाळी घरी येऊन भेटा, पण एकदोघंच या, दहा जणांचा गोंधळ नको. बारीक आवाजात गाणी किंवा गोष्टी ऐकायला हरकत नाही, फक्त स्क्रीन उलटी ठेवायची. आईबरोबर भाजी निवडणं, आजीशी गप्पा, गच्चीवर सावलीत थोडं फिरणं, जेवायला सगळ्यांबरोबर खाली बसणं, हे सगळं चालतं. चालतं काय, झालंच पाहिजे. काळोख्या खोलीत कोंडून ठेवायचं नाही. उजेड त्रास देत असेल तर पडदा अर्धा ओढा, बास. दुपारी झोपलं तर थोडंच झोपू द्या, नाहीतर रात्री टक्क जागं राहतं आणि दुसऱ्या दिवशी डोकं अजून जड.

पूर्ण झोपवून ठेवण्याबद्दलही प्रयोग झालेला आहे. २०१५ मध्ये विस्कॉन्सिनच्या डॉक्टरांनी ११ ते २२ वयाच्या मुलांमध्ये एका गटाला पाच दिवस कडक आराम दिला आणि दुसऱ्याला एकदोन दिवस आराम देऊन मग हळूहळू नेहमीची कामं करू दिली. कडक आरामवाल्यांनी जास्त त्रास सांगितला, त्यांना बरं वाटायला वेळही जास्त लागला. घरात पडून राहिलेलं खेळणारं पोरगं दिवसभर फक्त डोक्याकडेच लक्ष देत बसतं, टीममधून नाव जाईल याची काळजी करतं, झोपेचं गणित बिघडतं, अंगातली ताकदही जाते.

तिसऱ्या दिवसापासून चालायला लावायचं

पालक सगळ्यात जास्त घाबरतात ते इथे. डोकं थोडं दुखतंय तरी चालवायचं? हो, थोडं दुखत असतानाच चालवायचं, पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची नाही. डॉक्टरांनी इतर काही धोका नाही असं सांगितलेलं असलं पाहिजे, एवढीच अट. खरं तर पहिल्या चोवीस तासांनंतरच हलकं चालणं सुरू करता येतं, ४८ तासांच्या पुढे तर नक्कीच. ही आता जगभर मानलेली गोष्ट आहे, २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला तज्ज्ञांची परिषद झाली त्यातही हेच ठरलं.

याच्या मागे मोठं काम आहे ते बफेलो विद्यापीठातल्या डॉक्टर जॉन लेडी आणि त्यांच्या टीमचं. त्यांनी १३ ते १८ वयाच्या १०३ खेळाडू मुलामुलींना मार लागल्यापासून दहा दिवसांच्या आत दोन गटांत वाटलं, एका गटाला रोज वीस मिनिटं हलका एरोबिक व्यायाम (चालणं, सायकल असला नाडी थोडी वाढवणारा) आणि दुसऱ्याला नुसतं स्ट्रेचिंग. २०१९ मध्ये निकाल छापला, व्यायामवाले साधारण १३ दिवसांत बरे झाले, स्ट्रेचिंगवाले १७ दिवसांत. २०२१ मध्ये परत ११८ मुलांवर केलं तेव्हा १४ आणि १९ दिवस आले, आणि महिन्याच्या पुढे त्रास रेंगाळण्याचा धोका व्यायामवाल्यांमध्ये ४८ टक्के कमी निघाला. चारपाच दिवसांचा फरक छोटा वाटेल, पण ज्याचं पोरगं रोज विचारतंय की पप्पा मी कधी खेळणार त्याला विचारा. आणि मला स्वतःला तो ४८ टक्केवाला आकडा जास्त मोठा वाटतो, कारण महिनोनमहिने डोकं दुखत राहणं, दहावीच्या वर्षात अभ्यास न होणं, हे फार वाईट असतं.

आता करायचं कसं. एक साधी वही घ्या. व्यायामाआधी पोराला विचारा, शून्य म्हणजे काहीच त्रास नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही, तर आत्ता किती? समजा म्हणालं तीन. मग चालायला न्या. मधे विचारा, संपल्यावर विचारा, एक तासाने परत विचारा. आकडा दोनने वाढला, म्हणजे तीनवरून पाचपर्यंत गेला, आणि तासाभरात परत खाली आला तर चालतंय, घाबरायचं नाही, त्याने मेंदूला इजा होत नाही. पाचच्या वर गेला तर तिथेच थांबायचं, घरी यायचं, आणि दुसऱ्या दिवशी कमी वेळ किंवा कमी वेगाने करायचं. तासानंतरही उतरला नाही तरी तेच, उद्या कमी करायचं. बंद करायचं नाही. हे महत्त्वाचं आहे, एक दिवस त्रास झाला की आपल्याकडे परत आठवडाभर झोपवतात.

सुरुवात दहापंधरा मिनिटं सपाट रस्त्याने चालण्याची, मग वीस मिनिटं. वेग मोजायचा तर नाडी मोजा, मनगटावर पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. २२० मधून वय वजा केलं की सर्वात जास्त नाडीचा अंदाज येतो, पंधरा वर्षाच्या पोराचे २०५. सुरुवातीला त्याच्या ५५ टक्क्यांपर्यंत म्हणजे ११० ते ११५ च्या आसपास, आणि ते जमलं की पुढच्या दिवसांत ७० टक्क्यांपर्यंत म्हणजे १४० च्या थोडं वर. नाडी मोजायची नसेल तर चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत, गाणं म्हणता नाही आलं तरी चालेल. ज्यांच्याकडे सोय आहे त्यांनी स्पोर्ट्स फिजिओकडे ट्रेडमिल टेस्ट करून घ्यावी, त्यात कुठल्या नाडीला त्रास वाढतो ते कळतं आणि त्याच्या खाली राहून व्यायाम देतात, लेडींनीही तसंच केलं होतं. पण तेवढी सोय नाही म्हणून थांबू नका, वही आणि चालणं पुरतं.

जागा कुठली? गोल्फ क्लबचा ट्रॅक चांगला आहे, पण पहाटेच्या गर्दीत धक्के लागतात, थोडं उशिरा जा किंवा कडेने चाला. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, गोदा पार्क, नाहीतर तुमच्या कॉलनीतला गार्डनचा राउंड, काहीही चालेल, सपाट पाहिजे आणि सावली पाहिजे. पांडवलेणीच्या पायऱ्या, चामर लेणी, असलं चढणं पहिल्या आठवड्यात नको, श्वास एकदम वर जातो आणि घसरलं तर परत डोकं. एप्रिल-मेमध्ये नऊनंतर बाहेर काढायचंच नाही, ऊन लागून डोकं दुखलं तर कळणार नाही कशाने दुखतंय. घरात उभी सायकल असेल तर सगळ्यात उत्तम, डोकं हलत नाही आणि पडायची भीती नाही. रस्त्यावरची सायकल मात्र आता नको. स्कूटीवर मागे बसवून खड्ड्यांतून नेणंही शक्यतो टाळा, गचके बसले की बऱ्याच जणांना त्रास वाढतो. जोर, सूर्यनमस्कार, शीर्षासन, जड वजनं, हे खाली वाकून आणि श्वास रोखून करायचे प्रकार सुरुवातीला बाजूला ठेवा.

मोबाईल परत कधी

दोन दिवसांनंतर, पण थोडा थोडा. वीस मिनिटं बघ, मग ठेव, आकडा सांग. वाढला नाही तर परत थोड्या वेळाने वीस मिनिटं. आधी मेसेज आणि फोन, मग व्हिडिओ, गेम सगळ्यात शेवटी. झोपायच्या तासभर आधी पूर्ण बंद आणि मोबाईल त्याच्या खोलीत नाही, हॉलमध्ये चार्जिंगला. कायमचा मात्र बंद ठेवू नका. कॅनडात झालेल्या एका अभ्यासात, जो २०२२ मध्ये आला, ज्या मुलांनी सुरुवातीला खूप जास्त स्क्रीन बघितली त्यांना जसा जास्त त्रास झाला तसाच अगदीच कमी बघितलेल्यांनाही झाला, मधले बरे राहिले. मित्रांपासून तुटलेलं पोरगं लवकर बरं होत नाही, हे मला तरी पटतं.

शाळेचंही तसंच. तीनचार दिवसांत अर्धा दिवस पाठवायला हरकत नाही, पूर्ण बरं होईपर्यंत घरी ठेवू नका. वर्गशिक्षकांना लिहून द्या की आठवडाभर स्मार्टबोर्डसमोर पहिल्या बाकावर बसवू नका, मधे डोकं टेकवून बसू द्या, युनिट टेस्ट असेल तर नंतर घ्या किंवा वेळ जास्त द्या. क्लासवाले सगळे नोट्स व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकतात, त्याची प्रिंट काढून द्या. शाळा, कॉलेज रोडचा क्लास आणि व्यायाम असं तिन्ही एका दिवशी घेऊ नका, आधी शाळा आणि चालणं जमू दे.

ग्राउंडवर परत

चालणं, मग हलकं जॉगिंग जमलं की एकट्याचा सराव. कबड्डीवाल्यांनी रिकाम्या मॅटवर फूटवर्क, समोर कोणी नाही. क्रिकेटवाल्यांनी रनिंग, शॅडो बॅटिंग, नेटमध्ये बॉल खेळायचा नाही. फुटबॉलवाल्यांनी पायात बॉल घेऊन फिरायचं, हेडर नाही. इथपर्यंत थोडीफार लक्षणं असली तरी चालतात. यापुढे मात्र नाही. टीमबरोबर सराव सुरू करायच्या आधी लक्षणं पूर्ण गेलेली पाहिजेत, दमल्यावरसुद्धा परत यायला नकोत, शाळा पूर्ण वेळ सुरू झालेली पाहिजे, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं पाहिजे. मग आधी धक्काबुक्की नसलेला सराव, मग पूर्ण सराव, मग मॅच, प्रत्येक पायरीला कमीत कमी एक दिवस, आणि कुठे त्रास झाला तर एक पायरी मागे. मेंदू पूर्ण सावरायच्या आत दुसरा मार बसला तर क्वचित जीवावर बेततं, आणि ते वयाने लहान खेळाडूंमध्येच जास्त बघितलं गेलंय, म्हणून इथे कोणाचंही ऐकू नका, माझ्यासारख्या कोचचंही नाही. काही कोच म्हणतात फक्त दहा मिनिटं उतरव, नाव तरी लागेल. नाही म्हणा. टीममध्ये जागा परत मिळते.

चार आठवडे झाले तरी डोकेदुखी किंवा चक्कर जात नसेल तर वाट बघत बसू नका. बऱ्याचदा त्रास मानेचा असतो, कधी कानातल्या तोलाचा, कधी डोळ्यांचा, जवळ बघताना दोन्ही डोळे एकत्र वळत नाहीत म्हणून वाचलं की दुखतं. यातल्या प्रत्येकाला वेगळे व्यायाम आहेत, ते फिजिओ शिकवतात. न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना ती वही बरोबर न्या. कुठल्या दिवशी किती चाललं, किती मोबाईल बघितला, आकडा किती होता, हे समोर असलं की डॉक्टरांना पाच मिनिटांत कळतं कुठे अडतंय, नाहीतर आपण सांगतो कधी दुखतं कधी नाही, आणि पोरगं शेजारी बसून म्हणतं आता बरं आहे.